नाव बदललं, एवढीच दवंडी
ग्राहकाच्या माहितीचा एक साधा फॉर्म घ्या. 'नाव' या चौकटीत 'सुलभा' दिसतंय. पण ते नुसतं अक्षरांचं चित्र. खरं नाव कॉम्प्युटरच्या मेमरीत, एका ऑब्जेक्टच्या पोटात असतं. या दोघांचा मेळ राखायचा तर पूर्वी सगळी ने-आण प्रोग्रामरच्या हातची असे. फॉर्म उघडताना वीस चौकटी एकेक करून भरायच्या, 'सेव्ह' दाबलं की वीसच्या वीस परत वाचायच्या. नंतर एकविसावी वाढवली आणि तिची ओळ लिहायची राहिली, तर कुणीतरी मन लावून टाइप केलेला पत्ता गुपचूप नाहीसा व्हायचा.

डेटा बाइंडिंगमध्ये एकदाच सांगायचं: या चौकटीतला मजकूर म्हणजे त्या ऑब्जेक्टमधलं नाव. झालं. पुढे कुठूनही बदला, दुसरीकडे ते पोचतं. हे कसं घडतं ते पहिल्यांदा उलगडून पाहिलं तेव्हा मी हरखूनच गेलो होतो, आणि आजही त्याचं नवल ओसरलेलं नाही.

कारण ऑब्जेक्टला चौकटीची ओळखच नसते! पडदा, फॉन्ट, माऊस यांतलं त्याला काही ठाऊक नाही. आपल्यात काही बदललं की तो फक्त दवंडी पिटतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रामिंग प्रणालीत या दवंडीची रीत २००५ साली, दुसऱ्या आवृत्तीत ठरवून दिली गेली. 'आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड' हे तिचं लांबलचक नाव. ऐकणारी एक चौकट असो, दहा असोत किंवा एकही नसो, दवंडी तीच.

आणि दवंडीत असतं काय? फक्त 'नाव बदललं' एवढंच. नवं नाव काय, ते त्यात नसतंच. ज्याला गरज असेल त्याने ऑब्जेक्टकडे यावं आणि विचारावं. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. निरोपातून आलेली किंमत वाटेतच शिळी होऊ शकते. दारात येऊन विचारणाऱ्याला त्या घडीचीच मिळते. दवंडीत कुठलंच नाव न घेता नुसता ढोल वाजवला, तर त्याचाही अर्थ ठरलेला आहे: सगळंच बदललंय, सगळं पुन्हा विचारा.

आता शंका येईल. चौकटीने ऑब्जेक्ट बदलला, त्याने दवंडी दिली, ती ऐकून चौकट बदलली, तिने पुन्हा ऑब्जेक्ट बदलला... हे थांबणार कधी? त्यासाठी किंमत स्वीकारण्याच्या जागी प्रोग्रामर एक छोटी अट घालतो: आलेली किंमत आधीचीच असेल तर गप्प राहायचं. एका ओळीने फेरा तुटतो.

मुळात बदलल्याचं जाहीर करणारा आणि ते पाहून स्वतःला सावरून घेणारा, ही विभागणी जुनी आहे. झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात १९७९ साली ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी मॉडेल (माहिती) आणि व्ह्यू (तिचं पडद्यावरचं रूप) वेगळे मांडले, तिथपर्यंत तिची मुळं जातात.

डॉटनेटमध्ये फॉर्म बनवण्याच्या 'विंडोज फॉर्म्स' या साधनात, याच बाइंडिंगसाठी, 'करन्सी मॅनेजर' नावाचा एक घटक आहे. नाव वाचून वाटतं, पैशांचा कारभारी असावा. प्रत्यक्षात तो यादीतली चालू, म्हणजे 'करंट', नोंद कोणती, हे सांभाळतो. आपल्याकडेही 'चलन' आणि 'चालू' एकाच धातूतून आलेत, म्हणून मराठी माणसाला ते नाव चटकन उमगावं. पाचशे ग्राहकांच्या तक्त्यात एका ओळीवर क्लिक केलं की शेजारच्या सगळ्या चौकटी त्या ग्राहकाच्या होतात, त्या याच्यामुळे.

जमलं तर एक प्रयोग करून पाहा. एकच ऑब्जेक्ट दोन खिडक्यांतल्या दोन चौकटींना बांधा आणि पहिलीत 'सुलभा'चं 'सुलभाताई' करा. दुसरी खिडकी ढिम्म राहील, कारण नेहमीच्या मांडणीत चौकट सोडल्याशिवाय मजकूर ऑब्जेक्टपर्यंत जात नाही. आता टॅब दाबा. पलीकडच्या खिडकीत, जिला तुम्ही हातही लावला नव्हता, 'ताई' येऊन बसलेली असेल.