अंगावर अचानक उठणारे लाल ठिपके

अंगावर एकाएकी लाल ठिपके उठले की घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘पित्त’. मग आमसुलाचे पाणी अंगाला लावले जाते आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागतेही. पित्ताच्या गांधी फुगतात, खाजतात आणि बहुधा २४ तासांच्या आत त्या जागेवरून मावळतात. परंतु प्रत्येक लाल ठिपका पित्ताचा नसतो, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

उन्हाळ्यात घर्मग्रंथींची तोंडे बंद झाल्याने घामोळे येते. एखादे नवे औषध सोसले नाही तर अंगभर पुरळ उठते. ताप, खोकला व लाल डोळे यांच्यापाठोपाठ कानामागून व चेहऱ्यावरून खाली पसरणारे पुरळ गोवराचे असू शकते. गांधींबरोबर ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर मात्र क्षणाचाही विलंब करू नये.

ठिपक्यांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्यात त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. दाबल्यावर रक्त बाजूला सरते व लाली क्षणभर नाहीशी होते. दुसऱ्यात रक्त वाहिन्यांतून बाहेर झिरपलेले असते. ते दाबूनही हटत नाही. ही पारख करण्यासाठी काचेचा पारदर्शक पेला ठिपक्यांवर दाबून धरावा. सावळ्या वर्णावर ठिपके चटकन दिसत नाहीत. म्हणून तळहात, तळपाय व टाळूही पाहावी.

काचेखालीही न मावळणारे, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके हे रक्तातील प्लेटलेट घटल्याचे लक्षण असू शकते. निरोगी माणसात त्यांची संख्या प्रति मायक्रोलिटर सुमारे दीड ते साडेचार लाख असते. असे ठिपके, ताप व ताठ झालेली मान एकत्र दिसल्यास मेंदूज्वराची शंका घेऊन रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

आपल्याकडे पावसाळ्यात अशा ठिपक्यांमागे डेंग्यू असण्याचा संभव मोठा. येथेच घरच्यांची फसगत होते. ताप उतरला म्हणून सारे निश्चिंत होतात. परंतु बहुधा आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाच, धोका वाढतो. पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा ग्लानी दिसल्यास रुग्णालय गाठावे. अशा तापात ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन घेऊ नये. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

लाली काचेखाली मावळली तरी रुग्ण मलूल असेल, तर डॉक्टरांना दाखवावेच. आमसुलाचे पाणी लावण्यास आमची हरकत नाही. मात्र त्याआधी एकदा काचेचा पेला हाती घ्यावा.