हिल्डा कोणत्या शाळेत जाते?

बेलफास्टला आमचे बिऱ्हाड थाटले गेले ते २००७ सालच्या अखेरीस. आमच्या डॉक्टरांना तिथल्या एका इस्पितळात नोकरी मिळाली आणि पुण्याच्या उन्हातून मला व चार वर्षांच्या धाकटीला उचलून त्या बारमाही पावसात आणून ठेवण्यात आले. शेजार मात्र भाग्याने लाभला. भिंतीला भिंत लागून सत्तरीच्या एक बाई राहत. दुपारचे विणकाम घेऊन त्या आमच्याकडेच येऊन बसत. धाकटी त्यांना आजी म्हणे, मग मीही म्हणू लागले.

धाकटी बालवर्गात जाऊ लागली आणि एके दिवशी इंग्रजी मुळाक्षरे घोकत घरी आली. 'जी'च्या पुढे म्हणाली, 'हेच'! मला हसू आवरेना. "अगं, हेच काय? एच म्हण, एच!" आजींच्या सुया थांबल्या. घरात तिसरे कोणी नसतानाही आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तिला सुधारू नका. शाळेत ऐकतील."

तेव्हा मला कळले की त्या गावात ते अक्षर कॅथलिक 'हेच' म्हणतात आणि प्रॉटेस्टंट 'एच'. घराजवळची म्हणून आम्ही निवडलेली शाळा कॅथलिकांची होती, आणि आजी एचवाल्या! दंगलीच्या दिवसांत अनोळखी माणसाला मुळाक्षरे म्हणायला लावून पारखीत, असे तिथले लोक सांगतात. पंधरा-सोळा लाख वस्तीच्या त्या प्रांतात १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ च्या करारापर्यंत साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. करार झाला, पण वस्त्यांमधल्या भिंती राहिल्या. त्यांतली काही फाटके संध्याकाळ झाली की आजही बंद होतात. शाळांचेही तेच. दोन्हींकडची मुले मुद्दाम एकत्र बसवणारी शाळा १९८१ मध्ये प्रथम निघाली, परंतु अजून दहातले एकसुद्धा मूल अशा शाळेत जात नाही.

आणि हे विष किती लवकर भिनते म्हणता? २००२ साली तिथल्या संशोधकांनी तीन ते सहा वर्षांच्या साडेतीनशे मुलांची पाहणी केली. तिसऱ्या वर्षीच मुलांना आपल्या बाजूचे झेंडे आवडू लागलेले. सहाव्या वर्षी तिघांतले एक मूल स्वतःला अमुक बाजूचे समजत होते, आणि शंभरांतली पंधरा मुले दुसऱ्या बाजूबद्दल वाईटसाईट बोलत होती. सहा वर्षांची मुले!

अशा ठिकाणी एप्रिल २००८ मध्ये दूरदर्शन संचावर 'सेसमी ट्री' सुरू झाले. अमेरिकेतल्या 'सेसमी स्ट्रीट'चा हा बेलफास्टमध्ये घडवलेला अवतार. झाडाच्या पोटात राहणारा पोट्टो नावाचा केसाळ बाहुला आणि हिल्डा नावाची आयरिश सशीण. आमच्या घरात बाहुला म्हणजे अर्धवटराव एवढीच आजवर ओळख, त्यामुळे धाकटीने पोट्टोला लगेच त्यांचा भाऊ ठरवून टाकले. दोघे मुलांच्या शंकांची उत्तरे शोधीत आणि मधूनमधून तिथल्याच खऱ्या मुलांच्या छोट्या चित्रफिती दाखवीत. मी पाहिलेल्या भागांत कॅथलिक किंवा प्रॉटेस्टंट हा शब्द एकदाही कानी आला नाही. मला प्रथम ती पळवाट वाटली. पण पुढे वाचनात आले की कोसोव्हात २००४ मध्ये हेच बाहुले नेले, तेव्हा अल्बेनियन मुलांची लिपी एक आणि सर्ब मुलांची दुसरी. म्हणून अक्षरे शिकवणाऱ्या या कार्यक्रमाने पडद्यावर लिहिलेला शब्दच आणला नाही. इस्राएली-पॅलेस्टिनी 'सेसमी' १९९८ मध्ये निघाले, त्यातही गल्ल्या दोन वेगळ्याच ठेवाव्या लागल्या होत्या. बाहुल्यांनाही जिथे पाय ठेवायला मिळेल तिथूनच सुरुवात करावी लागते.

आजी आमच्याबरोबर तो कार्यक्रम न चुकता पाहत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "सशीण गोड आहे. पण ही कोणत्या शाळेत जाते?" तिकडे धर्म कोणी तोंडावर विचारीत नाही, शाळा विचारतात. धाकटी म्हणाली, "ती झाडात राहते." तेवढे उत्तर तिला पुरेसे होते, आजींना नव्हते. चित्रफितीतली मुले दिसली की गणवेशावरून, नावावरून त्या हलकेच पुटपुटत, "हा आमचा... ती त्यांची."

एकदा धाकटीने विचारले, "आमचा म्हणजे कुणाचा?"

आजी बराच वेळ टाके मोजत राहिल्या. त्यानंतर पुन्हा त्यांनी ते मोठ्याने म्हटले नाही. मनात म्हणत असतीलच; ओठ हलताना मी पाहिले आहेत.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुण्यात आमच्या वाड्यात आठवड्यातून दोनदा कपडे न्यायला येणाऱ्या बाईंची मुलगी आमच्यात खेळायची. ती 'पानी' म्हणे. मी तिला सगळ्यांच्या देखत दहा वेळा 'पाणी' म्हणायला लावले होते. तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि मोठी माणसे कौतुकाने हसली होती. ती पुन्हा खेळायला आली नाही. "सुधारू नका" असे हळूच सांगणारे आमच्या वाड्यात कोणी नव्हते. डॉक्टरांना हे सांगितले तर म्हणाले, "लहान होतीस." पण सहा वर्षांच्या मुलांची ती पाहणी त्यांनीच मला वाचायला आणून दिली होती.

मालिकेचा दुसरा भाग २०१० च्या नोव्हेंबरात आला आणि पुढच्याच वर्षी आम्ही परतलो. भिंती २०२३ पर्यंत पाडायच्या असे तिथल्या सरकारने २०१३ मध्ये ठरवले होते. ते साल गेले, बहुतेक भिंती उभ्याच आहेत. आजी आता नाहीत.

निघताना त्यांनी धाकटीला लोकरीची हिल्डा विणून दिली होती. एक कान जरा लांब झालेला. "हिला शाळेचा गणवेश का नाही?" धाकटीने विचारले.

"लोकर संपली," आजी म्हणाल्या. त्यांच्या पिशवीत लोकरीचे दोन गुंडे मला स्पष्ट दिसत होते.