थायरॉईडची मंदता : पथ्याइतकेच वेळेचे भान

थायरॉईड ग्रंथीची क्रिया मंदावलेल्या रुग्णाची पहिली पृच्छा ‘काय खाऊ नये?’ अशी असते. कोबी-फ्लॉवर वर्ज्य, हे तो ऐकूनच आलेला असतो. वस्तुतः नेहमीच्या प्रमाणात, शिजवून खाल्लेल्या या भाज्या सहसा बाधत नाहीत.

अग्निमांद्य व कफवृद्धी लक्षात घेता मुगाचे वरण, कुळथाचे कढण, जवाची भाकरी, ताजे ताक असा लघू आहार हितकर होय. दिवास्वाप व अध्यशन टाळावे. मात्र ‘केवळ सैंधव वापरा’ असे सांगण्यापूर्वी विचार करावा. आयोडीनयुक्त मिठाइतके आयोडीन त्यातून मिळत नाही.

खरी चूक घडते ती वेळेची. एका भगिनीस पांडुरोगासाठी मी मंडूर भस्म दिले. ती ते सकाळी लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीबरोबरच घेत असे. पुढील तपासणीत टीएसएच वाढलेले आढळले. दोन्हींत अंतर ठेवल्यावर ते उतरले. दोष औषधांचा नव्हता, मी न विचारलेल्या प्रश्नाचा होता.

लोह व कॅल्शियम या गोळीच्या शोषणात अडथळा आणतात. म्हणून लोह, मंडूर, शंख, प्रवाळ यांचे कल्प व ही गोळी यांत किमान 4 तासांचे अंतर असावे. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी; चहा, कॉफी व न्याहारी अर्ध्या ते एक तासानंतर. सोयाबीनचे पदार्थही त्या वेळी नकोत.

औषधालयचालकांनी पुडीवर वेळ लिहून द्यावी. आणि पथ्य सुरू झाले म्हणून गोळी परस्पर बंद करू नये, हे प्रत्येक रुग्णास, विशेषतः गर्भिणीस, आपण आवर्जून बजावावे.