तेरा जणींचा डाव

इंग्लंडच्या उत्तर भागात कोळशाच्या खाणी व कापडाच्या गिरण्या यांच्या आश्रयाने वाढलेली अनेक गावे आहेत. तेथील मजूर रग्बी खेळत. शनिवारच्या सामन्यासाठी काम सोडावे लागे आणि तेवढ्या वेळेची मजुरी बुडे. ती भरून मिळावी, एवढेच त्यांचे मागणे होते. ते नाकारले गेले, तेव्हा १८९५ साली हडर्सफील्ड येथे तिकडील क्लबांनी आपली वेगळी संघटना स्थापन केली. तिच्यातूनच 'रग्बी लीग' हा तेरा खेळाडूंचा खेळ उदयास आला.

अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचे व तो प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जमिनीवर टेकवायचा. यास 'ट्राय' म्हणतात. सोबत्याला चेंडू द्यायचा तर तो पुढे फेकता येत नाही. धावणाऱ्यास विरुद्ध पक्षाचे खेळाडू धरून पाडतात. मुलांनो, कबड्डीतील पकड तुम्हांस ठाऊकच आहे! अशा सहा पकडी झाल्या, की चेंडू दुसऱ्या पक्षाकडे जातो.

खेळ मजुरांचा खरा. पण मजुरांच्या लेकींचा मात्र नव्हे. १७ सप्टेंबर १९२१ रोजी ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरी स्त्रियांचे दोन संघ मैदानात उतरले. वीस हजारांच्या घरात प्रेक्षक लोटले. त्यांतील कित्येक केवळ गंमत पाहावयास आले असतील. परंतु मॅगी मलोनी हिने चार ट्राय केले, ही काही गंमत नव्हे! इतके होऊनही तेथे स्त्रियांच्या या खेळाचे पाऊल फार काळ टिकले नाही.

ब्रिटनमध्ये स्त्रियांची हौशी संघटना स्थापन झाली ती १९८५ साली. हौशी म्हणजे खेळाबद्दल पैसा न घेणारे. अंग ठेचले तरी सोमवारी कामावर जाणे या मुलींना चुकत नसे. बुडालेल्या मजुरीच्या प्रश्नातून जन्मलेल्या खेळाने स्त्रियांकडून वर्षानुवर्षे फुकट खेळून घ्यावे, हे मला तरी विलक्षण वाटते. १९९६ साली प्रवासाचा पैसा स्वतः उभा करून ब्रिटनच्या स्त्रिया ऑस्ट्रेलियास गेल्या आणि तीनपैकी दोन कसोटी सामने जिंकून परतल्या.

२००० साली स्त्रियांची पहिली विश्वचषक स्पर्धा ब्रिटनमध्ये झाली. ती न्यूझीलंडने जिंकली. २०१७ मध्ये चार संघांची 'सुपर लीग' सुरू झाली. पुढे काही क्लब थोडेफार मानधनही देऊ लागले. लंडनच्या वेम्बली मैदानावर पुरुषांचे चषकाचे अंतिम सामने १९२९ पासून होत आले होते. तेथे स्त्रियांचा अंतिम सामना प्रथम झाला तो १२ ऑगस्ट २०२३ रोजी, आणि सेंट हेलेन्सच्या मुलींनी लीड्सला २२-८ असे हरविले.