शकुंतलेचा चढ

लाडखेडहून यवतमाळच्या दिशेने चालायला लागलं की पहिला तासभर आपण चढतोय हे कळतच नाही. फाल्गुनातली सकाळ असते, ऊन समोरून येत असतं. दोन्ही अंगांना वेचणी संपलेली पऱ्हाटी उभी असते, बोंडांच्या रिकाम्या नखांत कुठेतरी कापसाची एखादी पांढरी पाकळी अडकलेली असते. पायाखाली गिट्टी, गवत आणि त्या गवतात मधूनच दिसणारे, मधूनच बुडणारे दोन रूळ. त्यांच्यातलं अंतर मोठ्या माणसाच्या एका ढांगेएवढं, अवघं अडीच फूट. तासाभराने सहज मागे वळून पाहिलं की निघालेलं गाव चक्क खाली गेलेलं दिसतं. धाप लागलेली नसते, पोटऱ्या भरून आलेल्या नसतात. आपल्याला इतक्या अलगद वर आणून सोडलं कोणी, असा प्रश्न पडतो. ही करामत शकुंतलेच्या वाटेची.

शकुंतला म्हणजे यवतमाळ–मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर–अचलपूर ही छोटी रेल्वे. पहिला मार्ग 113 किलोमीटरचा, दुसरा 76 किलोमीटरचा. वऱ्हाडातल्या कापसासाठी ती जन्माला आली. मुंबई–नागपूर हा मोठा लोहमार्ग मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून गेला आणि त्याच्या काठची गावं बाजारपेठा झाली. यवतमाळ मात्र पठारावर बाजूला राहिलं. इथला कापूस बंड्यांमधून दिवसेंदिवस वाटचाल करून स्टेशनावर जायचा. मुंबईच्या किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने 1910 साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि ही अडीच फुटी वाट तिच्या मालकीची झाली. इथल्या शेतातला कापूस गाठी होऊन मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायचा, मुंबई बंदरातून जहाजात जायचा आणि मँचेस्टरच्या गिरण्यांत पोचायचा. मँचेस्टरलाच 1921 साली बांधलेलं वाफेचं इंजिन 1923पासून या मार्गावर धावलं. 15 एप्रिल 1994ला ते निवृत्त झालं आणि त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं.

स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वेगाड्या सरकारच्या झाल्या, पण या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली. गाडी मध्य रेल्वे चालवायची आणि रुळांचा मोबदला कंपनीला द्यायची. ही गोष्ट इतक्या वेळा छापून आली आहे की शकुंतला म्हटलं की लोकांना आधी मालकी आठवते. तिच्यावर लिहिणारे बहुतेक जण दोनच गोष्टींपाशी थांबतात, एक तो करार आणि दुसरं ते इंजिन. माझ्या मते तिचा सगळ्यात मोलाचा वारसा तिसराच आहे, आणि तो पायांनी चालल्याशिवाय कळत नाही. तो म्हणजे तिचा चढ.

यवतमाळ समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. याच मार्गावरचं दारव्हा त्याहून शंभरावर मीटर खाली. मधे टेकड्या, नाले, सागाचं रान. बैलगाडीची वाट अशा ठिकाणी सरळ टेकडीला भिडते, कारण बैल दम खात का होईना, चढतो. रेल्वेला ते जमत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार सहज सरकतं, म्हणूनच थोड्या शक्तीत प्रचंड ओझं ओढता येतं. पण हाच गुण चढावर दोष ठरतो. चढ जरा तीव्र झाला की चाक जागच्या जागी फिरायला लागतं. म्हणून लोहमार्ग आखणारा माणूस टेकडीशी भांडत नाही, तिची समजूत काढतो. शंभरात एक असा चढ धरला तर शंभर पावलं चालल्यावर आपण जेमतेम एका पावलाच्या लांबीइतके वर येतो. एवढा हलका उतार मोकळ्या रानात आपोआप मिळत नाही, तो शोधावा लागतो. दुर्बीण आणि मोजपट्टी घेऊन माणसं उन्हातान्हात हे डोंगर पायी फिरली, नाल्याच्या कडेकडेने गेली, खिंड कुठे सापडते ते पाहिलं, तेव्हा ही रेघ जमिनीवर उतरली.

अडीच फुटी रुळांचा इथे फायदा झाला. रूळ जितके जवळ, तितकं वळण आखूड घेता येतं. मोठ्या मार्गाला जिथे टेकडी कापावी लागते, तिथे छोटी गाडी तिला वळसा घालून निघून जाते. पूल लहान, भराव कमी, खर्च आटोक्यात. चालताना हे सगळं डोळ्यांसमोर उलगडतं. वाट कधी भरावावर चढते आणि दोन्हीकडची वावरं खाली दिसतात. मग मुरमाच्या कापलेल्या भिंतींमधून जाते आणि एकदम गारवा लागतो. पुढे एखादी मोरी येते. मी अशाच एका मोरीखाली उतरून बराच वेळ बसलो होतो. काळ्या पाषाणाचे घडीव चिरे, त्यांच्यावर टाकीचे घाव अजून ओळखता येतात, सांध्यांमध्ये चुना. पावसाळ्याच्या लोंढ्यांनी शेजारची माती पोखरून नेली आहे, नाल्याने पात्रही थोडं बदललं आहे, पण चिरा जागचा हललेला नाही. इथल्याच खडकातून, इथल्याच पाथरवटांच्या हातांनी घडलेलं हे काम आहे. त्यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत. त्यांचा हात मात्र त्या दगडावर आहे.

मोरीवरून पुढे गेलं की पळस सुरू होतात. फाल्गुनात पानं झडून नुसता केशरी रंग उरलेला असतो. साग उघडाबोडका, मोहाखाली फुलं वेचायची लगबग जवळ आलेली. एखादा रोही भरावावर उभा राहून आपल्याकडे बघतो आणि उडी मारून तुरीच्या फणकटांत नाहीसा होतो. हा प्रदेश बातम्यांत येतो तो बहुधा शेतकऱ्याच्या मरणामुळेच. त्याच्याकडे देखणा मुलूख म्हणून कोणी बघत नाही. या वाटेवरून चाललेला माणूस ते बघितल्यावाचून राहणार नाही.

गाडी धावत होती तेव्हाही ती जवळजवळ सायकलीच्याच वेगाने जायची. शेवटच्या काळात तर मोजके कर्मचारी तिकिटं देण्यापासून फाटक उघडण्यापर्यंत सगळं करायचे. चढावर गाडी मंदावली की माणसं उतरून सोबत चालायची, अशी आठवण या भागातली वडीलधारी मंडळी आवर्जून सांगतात. मजूर, शाळकरी पोरं, टोपल्यांत भाजी घेऊन निघालेल्या बाया यांना परवडणारी ती एकच गाडी होती. म्हणून ती बंद पडली तेव्हा दारव्हा, कारंजाच्या लोकांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली. मार्गाच्या रुंदीकरणाची घोषणाही झाली. गाडी पुन्हा सुरू व्हावी ही मागणी न्याय्य आहे आणि ही रेघ चालायची, सायकलीची वाट म्हणून जपावी असा आग्रह धरताना ती बाजूला सारता कामा नये.

दरम्यान मोठी रेल्वे यवतमाळच्या दिशेने निघाली आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी 2024मध्ये सुरू झाला. तो मार्ग बोगदे आणि उंच पूल घेऊन डोंगरांतून आरपार जाणार. वेग हवा तर तसंच जावं लागतं. शकुंतलेची रेघ वळसे घेणारी. ती वेगाला निरुपयोगी असेल, पण पायांना आणि सायकलीला तिच्यासारखी दुसरी वाट नाही.

जगात हे अनेकांनी ओळखलं. न्यूझीलंडमध्ये ओटागो प्रांतातला बंद लोहमार्ग 2000 साली दीडशे किलोमीटरची सायकलवाट म्हणून खुला झाला आणि ओस पडत चाललेल्या गावांत मुक्कामाची घरं, खानावळी उघडल्या. स्पेनमध्ये 1993पासून जुन्या लोहमार्गांच्या हिरव्या वाटा केल्या गेल्या. चढ हलका असल्यामुळे तिथे म्हातारी माणसं आणि लहान मुलंही डोंगरात शिरू शकतात. लाडखेड ते यवतमाळ हा पट्टा आपल्याकडची अशी वाट होऊ शकतो. त्यासाठी फार काही लागत नाही. रेल्वेची रीतसर परवानगी हवी, बाभळी तोडून रुळांच्या कडेने सायकलीपुरती मुरमाची पट्टी हवी, मोऱ्यांची डागडुजी, ठरावीक अंतरावर प्यायचं पाणी, आणि जुन्या स्टेशनांच्या सावलीत गावातल्या बचत गटांच्या हातची भाकरी आणि झुणका. रूळ जागेवरच राहू द्यावेत. उद्या गाडी आली तर तिला जागा असेल.

घाई मात्र हवी. लोहमार्गाची जमीन ही लांबच लांब, अरुंद चिंधी असते. ती एका जागी तुटली तरी सगळी जाते. कुठे धुरा सरकतो, कुठे रस्ता रुंद होतो, कुठे भरावाचा मुरूम ट्रॅक्टरने उचलला जातो. डोंगरातून शोधून काढलेला तो उतार एकदा मोडला की पुन्हा मिळणार नाही, कारण आज तितक्या धीराने कोणी तो शोधणार नाही.

याच वाटेवरच्या लासिन्याच्या अलीकडे दोघी बाया समोरून आल्या, डोक्यावर सरपणाचे भारे. रुळांच्या डाव्या अंगाने एक पायवाट होती, वीतभर रुंद, गवत झिजून गुळगुळीत झालेली. त्या त्याच पायवाटेने चालत होत्या, मान न हलवता, एका लयीत. मी बाजूला झालो. इकडे कुठे निघालात दादा, असं त्यांनी विचारलं. यवतमाळला, म्हटलं. मग रस्त्याने कशाला जायचं, ही वाट चांगली आहे, दम लागत नाही, असं सांगून त्या पुढे गेल्या. तेव्हा लक्षात आलं, वाट नव्याने करायचीच नाही. गाडी थांबल्यापासून बायामाणसांनी ती चालून जिवंत ठेवली आहे. आपण फक्त ती मोडू द्यायची नाही.