गावाची नोंदवही, शाळेचे पाठ्यपुस्तक
सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले. पुढे २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेची मंडळे शाळांमध्ये सुरू झाली. तरीही चंद्रपूर-गडचिरोलीतील शाळांचे सर्वांत समृद्ध साधन बाहेरून येत नाही, ते गावातच असते. जैवविविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. मोह, तेंदू, चारोळी, बांबू आणि पाणवठ्यांच्या या नोंदी म्हणजे विज्ञान, गणित आणि भाषा यांचा एकत्रित पाठ आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगटांतून चर्चा करून निर्णय घेण्याची रीत रुजवली. शाळेने तीच उचलावी.

अभ्यासक्रमाचा भार वाढेल, हा आक्षेप टिकत नाही, कारण ‘परिसर अभ्यास’ हा विषय प्राथमिक वर्गांत आधीपासूनच आहे. वाघाची भीती मात्र खरी आहे. ताडोबालगतच्या गावांत मुलांना जंगलात नेण्याचा आग्रह धरूच नये. अंगण, बांध, आठवडी बाजार आणि घरातील वडीलधाऱ्यांची माहिती एवढ्यावरही नोंदवही भरते. उद्या ग्रामसभेत बसून जंगलाचे निर्णय हीच मुले घेणार आहेत. त्यांना घोषवाक्यांपेक्षा नोंदी ठेवण्याची सवय अधिक उपयोगी पडेल.