नेपाळांतले पेशवे आणि सातपुड्यांतली फौज

तोरणमाळच्या पठाराच्या कडेशीं उभें राहिलें म्हणजे उत्तरेस सातपुड्याच्या रांगा एकीमागून एक नर्मदेकडे उतरत गेलेल्या दिसतात. १८५८ च्या नोव्हेंबरांत याच पर्वताच्या पूर्वेकडील अंगानें, खरगोण-बडवानीच्या मुलुखांतून, तात्या टोपे व रावसाहेब पेशवे यांची फौज इंग्रजी पलटणींना हुलकावण्या देत आली. दक्षिणेकडील वाटा रोखलेल्या होत्या. खानदेशांत उतरणें साधलें नाहीं. मग चिखलद्याजवळ नर्मदा ओलांडून ती छोटा उदेपुराकडे गेली, आणि तेथें १ डिसेंबरास तिचा पराभव झाला.

ही सारी धावपळ ज्यांच्या नांवानें चालली होती ते नानासाहेब या वेळीं होते कोठें? शेंकडों कोसांवर, अयोध्या प्रांताच्या उत्तर टोकाला. आणि लवकरच बेगम हजरतमहल यांच्याप्रमाणें तेही नेपाळच्या तराईंत गेले. आमच्या घरांतून नाना आणि तात्या हीं नांवें जोडीनें घेतलीं जातात, म्हणून हें अंतर सहसा ध्यानांत येत नाहीं. दूरच्या धन्याची आज्ञा सातपुड्यापर्यंत पोंचणार कशी? याचें उत्तर तात्यांनींच देऊन ठेवलें आहे. १० एप्रिल १८५९ च्या जबानींत ते सांगतात कीं, काल्पी पडेपर्यंत आपण नानांच्या हुकुमानें वागलों व पुढें रावसाहेबांच्या. म्हणजे नर्मदाकांठीं नांव काकांचें होतें, हुकूम मात्र पुतण्याचा!

नांवाचें वजन थोडें नव्हतें. पेशव्यांचें निशाण नर्मदेच्या दक्षिणेस आलें एवढ्यानेंच सरकारी अधिकारी धास्तावले होते. परंतु केवळ नांवानें मुलूख उठत नाहीं. याच डोंगरांत खाज्या नाईकाचे भिल्ल आधींच उठले होते, आणि अंबापाणीस ११ एप्रिल १८५८ रोजीं त्यांचा मोड झाला होता. तात्या आले ते सात महिन्यांनीं. या दोहोंची सांगड वेळेवर घातली गेली नाहीं, ही आमच्या मतें नानांच्या दूर असण्यापेक्षांही मोठी उणीव.

१८ एप्रिल १८५९ रोजीं तात्यांना शिप्रीस फांशी दिलें. दोनच दिवसांनीं, २० एप्रिलला, नानांनीं तराईंतून राणी व्हिक्टोरिया, पार्लमेंट वगैरेंना उद्देशून इश्तिहार धाडला. स्त्रियामुलांची हत्या आपण केली नाहीं, इतरांना क्षमा मिळते तर आपणांस कां नाहीं, असा त्याचा आशय. मेजर रिचर्डसननें राणीच्या जाहीरनाम्याकडे बोट दाखविलें. नानांनीं उलट कळविलें कीं, राणीच्या मोहरेचें पत्र फ्रेंच सरदाराच्या हस्तें येईल तरच विश्वास ठेवूं. फौज उरली नव्हती. पत्रव्यवहाराची ऐट मात्र राजाचीच होती. ती आम्हांस हास्यास्पद वाटत नाहीं.

त्याच वर्षीं नाना तापानें वारल्याचें नेपाळांतून कळविण्यांत आलें. इंग्रजांचा संशय फिटला नाहीं. १८७४ सालींसुद्धां ग्वाल्हेरीकडे एकास नाना समजून धरलें होतें. रावसाहेबांना २० ऑगस्ट १८६२ रोजीं कानपुराकडे फांशी झाली. पेशव्यांच्या घरच्या स्त्रिया जंगबहादुरांच्या आश्रयानें काठमांडूंतच राहिल्या.